मक्याच्या पाईपला मध कशाला?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : रविवारच्या पुरवणीतला मक्याच्या पाईपवरचा लेख

मी इंदूरला राहतो, तुमचा पेपर इकडे छापील मिळत नाही म्हणून मोबाईलवर वाचतो, आणि रविवारची पुरवणी तर आमच्याकडे पोहे-जिलेबीबरोबर मोठ्यानं वाचली जाते कारण आमच्या हिला चष्मा लावून मोबाईल बघायचा कंटाळा. मागच्या रविवारी त्यात मक्याच्या कणसापासून केलेल्या तंबाखूच्या पाईपवर अर्धं पान होतं. फोटो झकास. पण खाली जी माहिती दिली होती ती वाचता वाचता माझा चहा गार झाला. नवा पाईप आणला की आतून मध चोपडा आणि रात्रभर ठेवा, मग गच्च भरून जोरजोरात ओढा म्हणजे तो लवकर रुळतो, महिन्यातून एकदा स्पिरिट भरून धुवा, आणि वर हे की मक्याचा आहे म्हणजे नैसर्गिक आहे, अपाय नाही. साहेब, यातलं एकही धड नाही, आणि एक तर जिवावर बेतेल असं आहे. म्हणून लिहितोय. पत्र लांबणार आहे, कुठं कापायचं ते तुम्ही बघा, फक्त स्पिरिटचं कापू नका.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण आला शहाणा. मी ३४ वर्षं लेथवर काढली, सांवेर रोडच्या कारखान्यांमधून, पितळ, लोखंड, नायलॉन, लाकूड, जे समोर येईल ते. पाईप ओढतो ते वडिलांमुळे, त्यांच्याकडे एक जुना ब्रायरचा, म्हणजे ब्रायर नावाच्या टणक लाकडाचा होता, दिवाळीला आणि क्रिकेटची मॅच असली की बाहेर निघायचा. मक्याचा पाईप मला नऊ वर्षांपूर्वी भाच्यानं आणला. तो सेंट लुईसला असतो, आणि तिथून तासाभराच्या रस्त्यावर हे पाईप बनवणारा कारखाना आहे, आत छोटं म्युझियमही आहे, तो बघून आला आणि मामासाठी दोन घेऊन आला. पहिला मी तीन आठवड्यांत जाळला. दुसरा अजून चालू आहे. तेव्हा मी जे सांगतोय ते पहिल्याच्या मढ्यावर उभं राहून सांगतोय असं समजा.

तो कारखाना कसा सुरू झाला ते तुमच्या लेखात नव्हतं आणि मला विचाराल तर तेच सगळ्यात भारी आहे. मिसूरी राज्यात मिसूरी नदीच्या काठावर वॉशिंग्टन म्हणून एक गाव आहे, राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं. तिथं हेन्री टिबे नावाचा एक खरादी होता, हॉलंडहून आलेला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. एक शेतकरी त्याच्याकडे कणसाचा दांडा घेऊन आला की बाबा रे मला यावर लेथ फिरवून पाईप करून दे. करून दिला. शेतकऱ्याला आवडला, मग टिबेनं आणखी केले आणि दुकानात ठेवले, ते भराभर गेले, आणि १८६९ पासून तो हाच धंदा करायला लागला. १८७८ ला त्याला पेटंट मिळालं, ते पाईपचं नव्हे, तर कणसाच्या बाहेरच्या अंगाला जी खळगी खळगी असतात ना, दाणे निघून गेल्यावरची, ती प्लास्टरसारख्या लगद्यानं भरून वर सफाईदार तासायची पद्धत. आणि नाव काय दिलं, मिसूरी मीरशम. मीरशम म्हणजे तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या बाजूला जमिनीतून निघणारा एक पांढरा हलका दगड, त्याचे पाईप पूर्वी शौकीन श्रीमंत लोक वापरायचे, जर्मन भाषेत त्या नावाचा अर्थ समुद्राचा फेस. टिबेचं म्हणणं की माझा मक्याचा पाईपसुद्धा तसाच हलका आणि थंड ओढला जातो, मग गरिबाचं मीरशम का म्हणू नये. पुढं १९०७ ला कंपनीचंच नाव ते झालं. फोटोत दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सेनापती जनरल मॅकआर्थर दिसतो तोंडात मोठ्ठा लांबुडका पाईप धरलेला, ३० ऑगस्ट १९४५ ला जपानमध्ये अत्सुगीच्या धावपट्टीवर विमानातून उतरताना, तो मक्याचाच.

आता इंदूरच्या माणसाला भुट्ट्याचं काय सांगायचं. आमच्याकडे पावसाळ्यात सराफ्यात भुट्ट्याचा किस खायला रात्री अकराला गाड्या लावायला जागा नसते, घरोघरी खिसण्या निघतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ओल्या कचऱ्यात बुरकुंडांचा ढीग. बुरकुंड म्हणजे दाणे निघून गेल्यावर उरतो तो दांडा, आमची आजी म्हणायची. भाच्यानं पाईप आणला तेव्हा मी पहिल्यांदा तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि माझ्या डोक्यात लगेच आलं, अरे हे तर आपण फेकून देतो! रिटायर माणूस, मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथ रिकामा पडलेला, भुट्टे फुकट. लागलो कामाला.

तर सांगतो काय झालं. किसासाठी जे भुट्टे आणतो ते कोवळे, दुधाळ, त्याचं बुरकुंड स्पंजसारखं असतं, वाळवलं की सुरकुतून बोटाएवढं होतं आणि पावसाळी हवेत वाळायच्या आधी बुरशी धरतं. दहा केली, दहाही गेली. मग झाबुआकडून येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून शेतात पूर्ण वाळलेल्या कणसांची मागवली, त्या बाजूला मका भरपूर, लोक मक्याची भाकरी खातात. ती टणक होती पण बारीक. इथं मला कळलं की गोम कुठं आहे. मक्याचं नवं बियाणं जे करतात ते दाणा जास्त आणि बुरकुंड बारीक असं बघून करतात, शेतकऱ्याला बुरकुंड घेऊन काय करायचंय. पाईपवाल्यांना नेमकं उलटं पाहिजे, जाड, लाकडासारखं घट्ट बुरकुंड, त्यामुळे ती कंपनी त्यांच्यासाठी खास तयार केलेलं बियाणं लावून घेते, आणि सोललेली बुरकुंडं एकदम वापरत नाही, दोन वर्षं वाळत ठेवते. दोन वर्षं! आपण दोन दिवसांत भज्यांची ऑर्डर पूर्ण करणारी माणसं.

तरी मी सोडलं नाही. बुरकुंड आडवं कापलं तर तीन गोष्टी दिसतात, मधोमध पांढरा मऊ गर, त्याभोवती लाकडासारखं कडक कडं, आणि बाहेर कुसळांचा भुसभुशीत थर. छिद्र पाडायचं ते गरातून, म्हणजे कडक कडं तंबाखूच्या बाजूला राहतं. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत धरलं तर दोनदा चुरा झाला, मग कागद गुंडाळून हलक्या हातानं धरलं. बाहेरून गणपतीच्या मूर्तीवाल्याकडून आणलेलं प्लास्टर लावलं. प्लास्टर लावलं की ते बुरकुंड एकदम वेगळंच होतं, हातात दगडासारखं बसतं, लेथवर सुरी फिरली की गुळगुळीत. तेव्हा मला टिबेच्या पेटंटची खरी किंमत कळली. बांबूची दांडी बसवली, गच्चीवर बसून पेटवला. तिसऱ्या वेळेला बुडातून जळून निखारा थेट माझ्या सदऱ्यावर. सदरा नवा होता. पुढचं मी पेपरात लिहू शकत नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण, जो पाईप तुम्ही विकत घेता तो आधीच वाळलेला, कोरलेला, प्लास्टर आणि वार्निश केलेला असतो, त्याच्यावर आपण आणखी संस्कार करायची काहीच गरज नसते. आपल्याकडे नवी वस्तू आणली की काहीतरी विधी केल्याशिवाय चैन पडत नाही. बिडाचा तवा आणला की आमची ही त्याला तेल लावून, कांदा घासून, आठवडाभर लाड करते, ते बरोबरच आहे, तवा तसाच तयार होतो. ब्रायरच्या पाईपलाही थोडं जपून सुरुवात करावी लागते. मक्याच्या पाईपला ओढत राहणं एवढंच लागतं. फक्त हळू.

हळू म्हणजे कसं ते सांगतो. वाटी, म्हणजे तंबाखू भरतो तो भाग, पहिल्या चार-पाच वेळा अर्धीच भरायची. काही जण पहिल्या दिवसापासून पूर्ण भरतात आणि त्यांचं काही बिघडत नाही हेही खरं, पण अर्धी भरली की निखारा बुडापर्यंत पोचतो आणि बुडाकडची भिंतसुद्धा सुरुवातीपासून काळी होत जाते, नाहीतर माणूस नवशिका असला की वरचं अर्धं ओढून कंटाळतो आणि खालचं कोरंच राहतं. भरताना जुने लोक सांगतात, पहिला थर लहान मुलाच्या हातानं, दुसरा बाईच्या हातानं, तिसरा पुरुषाच्या हातानं. आमच्या हिनं हे ऐकलं आणि म्हणाली भाकरीचं पीठ मळून दाखवा मग बाईचा हात कळेल. असो, अर्थ एवढाच की खाली सैल, वर जरा दाबून. तोंडानं ओढून बघायचं, स्ट्रॉनं ताक पिताना जेवढा जोर लागतो तेवढा लागला तर ठीक. पेटवताना पहिली काडी नुसती वरून फिरवायची, तंबाखू फुगून वर येतो, तो हलकेच दाबायचा आणि मग दुसरी काडी. दाबायला मी मोठ्या खिळ्याचं डोकं लेथवर सपाट करून घेतलंय, अजून तेच वापरतो.

मग सावकाश. विझला तर विझू दे, परत पेटवा, पाईप विझणं यात कमीपणा काही नाही. तुमच्या लेखात जोरजोरात ओढा लिहिलंय, त्यानंच तर माझा पहिला पाईप गेला. जोरात ओढलं की आतलं तापमान वाढतं, मक्याची भिंत ब्रायरएवढी उष्णता सोसत नाही, आधी काळी पडते, मग आत कोळसा होऊन खोल जळत जाते आणि एक दिवस बाहेरून डाग दिसतो. शिवाय जीभ भाजल्यासारखी होते ती वेगळी. साधी परीक्षा सांगतो, वाटी गालाला लावून बघायची. सहन होत नसेल तर खाली ठेवायची, पाच मिनिटं गप्पा मारायच्या.

पहिल्या काही वेळा चव विचित्र लागते, भुट्टा शेगडीवर जरा जास्त भाजला गेला की येते तशी. मला तर ती आवडली, चोरलच्या रस्त्यावर पावसात गाडी थांबवून भुट्टा खातो तशी आठवण आली. पण त्यात दुसरीही एक चव असते, लाकूड जळाल्याची, ती मात्र कडवट, आणि ती कुठून येते हे लेखात असायला हवं होतं. स्वस्त मॉडेलमध्ये जी लाकडी दांडी बाहेरून वाटीत खुपसलेली असते तिचं टोक आत बुडाशी थोडं बाहेर डोकावतं. पाईप उजेडात धरून आत बघा, दिसेल. निखारा तिथं पोचला की ते लाकूड आधी जळतं. पाच-सात वेळा ओढून झालं की ते टोक कोळसा होऊन वरून झाकलं जातं आणि मग ती चव गायब. ज्यांना धीर नाही ते सिगारची राख पाण्यात कालवून तिचा लगदा त्या टोकाभोवती आणि बुडाला लावतात आणि दोन-तीन दिवस पूर्ण सुकू देतात. हे मात्र मला पटलेलं आहे, कारण राख जळत नाही आणि बुडाला जरा कवच मिळतं. फक्त हवेचं भोक बुजू द्यायचं नाही, पाईप क्लीनर, म्हणजे नळी साफ करायची धागा गुंडाळलेली बारीक तार, आत घालून ठेवूनच लगदा लावायचा. आणि राख सिगारचीच घ्यायची. माझ्याकडे सिगार कुठून असणार, मी देवघरातली उदबत्तीची राख घेतली. चार दिवस तोंडात गुरुवारची आरती चालू होती.

मधाचं आता. मध किंवा साखरेचं पाणी लावायची युक्ती जुनी आहे, अमेरिकेतही काही लोक करतात, म्हणजे तुमच्या लेखिकेनं ती हवेतून काढलेली नाही. मीही केलं. मध तापला की त्याचा आधी चिकट आणि मग कडक काळा पापुद्रा होतो, तो भिंतीला धरत नाही, खपली निघते तशी निघतो आणि निघताना खालचं मऊ कणीस घेऊन निघतो. आपल्याला पाहिजे तो काजळीचा थर, जो तंबाखू ओढून ओढून आपोआप धरतो, पातळ, घट्ट. तो रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा झाला की बास. त्याच्यावर गेला तर वाटी आतून अरुंद होते, आणि ब्रायरला जाड थरानं तडा जातो तशी भीती मक्याला कमी असली तरी ओढायला त्रास होतो. तो खरवडायला चाकूचं टोक लावू नका, मक्याची भिंत लाकूड नाही, चाकू सरळ आत जातो. मी वेताच्या गोल काडीला जुना पॉलिश पेपर गुंडाळतो आणि दोन फेरे देतो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

रोजचं म्हणाल तर ओढून झालं की पाईप पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम असताना तोंडाकडची प्लास्टिकची नळी ओढून काढायची घाई बहुतेक सगळे करतात, लाकूड ओलं होऊन फुगलेलं असतं, जोर लावला की दांडी वाटीतून सैल होते. गार झाल्यावर, पिळत पिळत, सरळ. राख काढायला पाईप दगडावर किंवा गच्चीच्या कठड्यावर ठोकू नका. तळहातावर ठोका, नाहीतर बाटलीच्या बुचावर. मग कागदाची सुरळी करून आतून एकदा फिरवायची आणि पाईप क्लीनर नळीतून आरपार, काळा येणं थांबेपर्यंत. इंदूरला शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात रंगीबेरंगी पाईप क्लीनर मिळतात, मी मोठ्या आनंदानं नातवाचे उचलले, पण ते नायलॉनचे, त्यांना ओल शोषता येत नाही आणि रंग सुटतो, एकदा माझी जीभ जांभळी. सुती पाहिजेत. नाही मिळाले तर बारीक तारेला शिंप्याकडचा सुती दोरा गच्च गुंडाळा, मी तेच करतो.

आत सहा मिलिमीटरचा कागदी फिल्टर बसतो, काही लोक ठेवतात, काही काढून टाकतात. ठेवलात तर प्रत्येक वेळी नाही तरी दोन-तीन वेळांनी बदला, ओला फिल्टर ठेवून पाईप बंद डब्यात टाकला की तीन दिवसांनी वास बघा. मी काढून टाकला. मला धुराची वाट मोकळी बरी वाटते, हा माझा लेथवाल्याचा हट्ट असेल.

आणि विश्रांती. एका पाईपला एक दिवस तरी मोकळं सोडायचंच. कणीस ओल पिऊन घेतं, तोच त्याचा गुण आहे, म्हणून तर त्याचा धूर कोरडा लागतो, पण प्यालेली ओल बाहेर जायलाही वेळ लागतो. मे महिन्यात आमच्याकडे माळव्यात एका रात्रीत खडखडीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीन दिवस लागतात. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मी नीट पुसून, प्रेमानं, स्टीलच्या डब्यात ठेवला आणि गणपतीला उघडला तर आत पांढरी मखमल. बुरशी! तेव्हापासून उघड्यावर, वाटी खाली आणि नळी वर, नळीत एक सुका क्लीनर खुपसून ठेवतो. उन्हात ठेवू नका, वार्निश तडकतं आणि प्लास्टिकची नळी पिवळी पडते. तो बुरशीचा पाईप मी वाचवला का असं विचाराल तर हो, वाटी आतून खरवडून, आठवडाभर पंख्याखाली ठेवून, पण तुम्ही असं करू नका, फेकून द्या. तिकडे साधा मक्याचा पाईप आपल्या दोन माणसांच्या हॉटेलच्या बिलापेक्षा स्वस्त मिळतो. माझा जीव त्यात अडकला होता कारण भाचा पुन्हा कधी येणार ते माहीत नव्हतं.

तंबाखूबद्दल थोडक्यात. पाईपचाच घ्यायचा. आमच्या कट्ट्यावरचे एक काका बिडीचा तंबाखू भरून बसले, तिकडे गुजरातमध्ये चरोतरात पिकतो तो, चांगलाच असतो पण बिडीसाठी. त्याचा बारीक चुरा नळीतून सरळ तोंडात आला आणि इतका कडक की काका अर्धा तास भिंतीला टेकून बसले. मक्याच्या पाईपला बर्ली जातीचा तंबाखू फार जमतो, सावलीत हवेवर वाळवलेला, साखर कमी, सुकामेव्यासारखा वास, आणि तो गरमही कमी होतो. सुगंधी, व्हॅनिलावाले जे मिळतात त्यांनी कणसात ओल जास्त साठते आणि तो वास नंतर सहा महिने जात नाही. एका पाईपला एकच जात ठेवली की भानगड नाही.

आता ते स्पिरिट, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. वाटीत स्पिरिट भरून ठेवायची पद्धत ब्रायरची आहे, तिथंसुद्धा मीठ आणि पिण्याचं अल्कोहोल वापरतात. मक्याच्या पाईपमध्ये भरलंत तर कणीस ते पिऊन फुगतं, दांडीचा चिकटवलेला जोड सुटतो आणि बाहेरची चकाकी हाताला लागते. पण ते जाऊ दे, पाईप गेला तर गेला. आपल्याकडे स्पिरिट म्हटलं की माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि पॉलिशवाले लाख विरघळवायला नेतात ते घेऊन येतो. त्यात मिथाईल अल्कोहोल असू शकतं. ते विष आहे, डोळे जातात, माणूस जातो, विषारी दारूच्या बातम्या तुम्हीच छापता. आणि हे तुम्ही अशा वस्तूत भरायला सांगताय जी कापसासारखी ओल धरून ठेवते आणि जी नंतर माणूस पेटवून तोंडात धरणार आहे. नळी साफ करायचीच असेल तर पिण्याची रम किंवा व्होडका, क्लीनरचं टोक बुडवून, फक्त नळीतून आणि दांडीतून, वाटीत नाही, आणि नंतर दोन दिवस सुकू द्यायचं. घरात दारू चालत नसेल तर कोरडा क्लीनर पुरे, मी बहुतेक वेळा तेच करतो.

नैसर्गिक म्हणून अपाय नाही या वाक्यावर तर आमचे फॅमिली डॉक्टर हसले, मी त्यांना मोबाईलवर दाखवलं. पाईप मक्याचा असो की सोन्याचा, आत जळतो तो तंबाखूच. पाईपचा धूर छातीत ओढत नाहीत हे खरं पण तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरला छातीत ओढायची गरज नसते. डॉक्टर दर सहा महिन्यांनी माझं तोंड टॉर्च लावून बघतात आणि दर वेळी सोडा म्हणतात. मी आठवड्यातून दोनदावर आणलंय, त्यांना ते पुरेसं वाटत नाही, त्यांचं बरोबर आहे. नातू घरी असला की पाईप कपाटात. बाहेर तर ओढतच नाही, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी बंदीच आहे, २०० रुपयांपर्यंत दंड, आणि खरं सांगायचं तर दंडापेक्षा जास्त लाज वाटते ती कॉलनीतल्या पोरांसमोर.

तुमच्या लेखिकेवर माझा राग नाही, फोटो पाहून माझ्या शेजाऱ्यांनी पहिल्यांदा मला विचारलं की काका हे खरंच भुट्ट्याचं असतं का, नऊ वर्षं ते मला विक्षिप्त समजत होते. पण येत्या रविवारी त्याच पानावर दोन ओळी टाका. पाईप स्पिरिटनं धुऊ नये, आणि मक्याचा पाईप निरुपद्रवी नाही. बाकीचं माझं रामायण छापलं नाहीत तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक
राजेंद्रनगर, इंदूर

ता. क. : मध लावलेला पाईप मी रात्रभर खिडकीत ठेवला होता हे वर सांगायचं राहिलं. सकाळी मुंग्यांची रांग खिडकीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेली होती आणि त्यांनी जाता जाता साखरेचा डबाही शोधून काढला. आमची ही तेव्हापासून मध कुलपात ठेवते.